मालदीव, मुइझ्झू आणि आपण: शिव्या देऊन निवडून आलेल्या शेजाऱ्याशी मोठ्या देशाने कसं वागावं?

नौपाडेकर

जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली आणि सोहळ्याचे प्रमुख पाहुणे होते आपले पंतप्रधान. मालेच्या विमानतळावर राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू मंत्रिमंडळासकट स्वागताला उभे होते. हाच माणूस सप्टेंबर २०२३ मध्ये 'इंडिया आउट'च्या लाटेवर निवडून आला होता. शपथ घेतल्यावर पहिला दौरा तुर्कस्तानचा, मग चीनचा. दिल्लीला येण्याचा रिवाज मोडला. भारतीय सैनिकांनी देश सोडावा म्हणून तारीख दिली.

मी नौपाड्यात पर्यटनाचं छोटं ऑफिस चालवतो. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीपमधल्या फोटोंवरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांच्याबद्दल घाणेरडं लिहिलं, तेव्हा माझ्याकडची बहुतेक बुकिंगं रद्द झाली. लग्न ठरलेल्या जोडप्यांनी अनामत सोडली आणि अंदमानची तिकिटं काढली. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. आता त्याच घरांतून पुन्हा मालदीवची चौकशी येते आणि लोक मला विचारतात, तेव्हा आम्ही सोडलेल्या पैशांनी काही झालं का?

प्रश्न फक्त मालदीवचा नाही. मोठा देश, शेजारी लहान देश, आणि तिथे लोकांच्या मतांवर निवडून आलेला नेता, ज्याचं सगळं राजकारण मोठ्या देशाला खलनायक ठरवण्यावर चालतं. अशा नेत्याला दाबावं, दुर्लक्ष करावं की मदत करत राहावं? माझं मत असं की मदत थांबवली नाही हे चांगलं झालं. पण अपमान किती गिळायचा, हे मला ठरवता येत नाही. सविस्तर लिहा.

रबाळे_फास्ट

रुमाल टाकून ठेवतो. घरी पोचलो की लिहितो, ठाणे-बेलापूर रोडवर एवढं मोठं टाइप होत नाही.

उपवनकर

नौपाडेकर, विषय चांगला आहे, पण उत्तर सरळ आहे. तांदूळ, पीठ, साखर, अंडी, कांदा, औषधं, मोठ्या आजाराला केरळमधली रुग्णालयं. हे सगळं ज्यांच्याकडून घेता त्यांनाच बाहेर काढायची भाषा करता? पंधरा दिवस सगळं थांबवायचं. समुद्राचं पाणी पिऊन किती दिवस राजकारण करतील?

बाजीरावांनी १७२८ साली पालखेडला निजामाशी मोठी लढाई केलीच नाही. रसद तोडली, पाणी तोडलं, तोफा मागे पडलेल्या निजामाला कोंडीत पकडलं आणि मुंगी-शेवगावला तह करायला लावला. चौथाई, सरदेशमुखी सगळं मान्य करून घेतलं. आपल्याच इतिहासात उत्तर आहे.

कोपरीवाला

+१. सहमत.

घोडबंदर_ताई

उपवनकर, रसद तोडून काय होतं ते आपण नेपाळमध्ये पाहिलंय.

एप्रिल २०१५ मध्ये तिकडे भूकंप झाला. मदतीला सर्वात आधी आपली विमानं पोचली आणि नेपाळी माणूस आपल्यावर खूश होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी नवीन राज्यघटना आणली, दक्षिण नेपाळातल्या मधेशींना ती मान्य नव्हती, दिल्लीलाही पटली नाही. सीमेवर ट्रक अडकले. नाकाबंदी केली असं आपल्या सरकारने कधीच मान्य केलं नाही, मधेशी आंदोलनामुळे वाहतूक थांबली असंच सांगितलं. पण काठमांडूत गॅस नव्हता, पेट्रोल नव्हतं, औषधं संपत होती आणि समोर हिवाळा. हे फेब्रुवारी २०१६ पर्यंत चाललं.

आमच्या सोसायटीच्या गेटवर तेव्हा पश्चिम नेपाळातल्या डोटीकडचे एक दाई (नेपाळीत मोठा भाऊ) होते. अत्यंत सज्जन माणूस. घरी आई लाकडं जाळून स्वयंपाक करते म्हणून सांगायचे. तोपर्यंत मी त्यांच्या तोंडून राजकारणाचा एक शब्द ऐकला नव्हता. त्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, ताई, आता आमच्याकडे सगळे पंतप्रधान ओलींनाच मत देणार. आणि तसंच झालं. २०१७ च्या निवडणुकीत ओली आणि प्रचंड यांच्या डाव्या आघाडीने बाजी मारली. मधल्या काळात, मार्च २०१६ मध्ये, ओलींनी चीनबरोबर मालवाहतुकीचा करार करून घेतला. २०२० मध्ये आपल्या ताब्यातले लिपुलेख आणि कालापानी त्यांच्या नकाशात आले, तेव्हाही पंतप्रधान ओलीच होते.

ओलींना एवढा मोठा नेता कोणी केला? नेपाळच्या आतल्या राजकारणाने थोडा. उरलेला आपण.

उपवनकर

ताई, नेपाळच्या डोक्यावर चीनची सीमा आहे. मालदीवच्या चारी बाजूंना समुद्र आहे आणि त्या समुद्रात आपलं नौदल आहे. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत.

घोडबंदर_ताई

हिमालय ओलांडून येणाऱ्या रस्त्यापेक्षा समुद्रातून येणारं जहाज जास्त सोयीचं असतं, दादा. चीनला मालेपर्यंत यायला कोणता घाट चढावा लागतो?

जुना_ठाणेकर

उपवनकर, तुमच्या वयाच्या मुलांना एक गोष्ट सांगायलाच हवी. मोठ्या देशाने रसद हातात धरून लहान देशाला वागायला शिकवायचं, हा प्रयोग आपल्यावर झालेला आहे. त्या वेळी लहान देश आपण होतो.

१९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन दुष्काळ. अमेरिकेचं पीएल ४८० या मदत कायद्याखालचं धान्य बोटींनी यायचं. आमच्या घरी टेंभी नाक्याजवळच्या रेशन दुकानातून तो लाल मिलो, म्हणजे अमेरिकन ज्वारी, यायचा. त्याच्या भाकरीचा रंग आणि वास ज्यांनी घेतलाय त्यांना विचारा. लहान भाऊ ती खायचा नाही, आई त्याला गूळ लावून द्यायची. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळी जेवण सोडायला सांगितलं होतं, ते आमच्याकडे वडील शेवटपर्यंत पाळत.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काय केलं? वर्षाच्या करारांऐवजी थोडं थोडं धान्य सोडायचं धोरण ठेवलं. शेतीचं धोरण बदला, व्हिएतनामवर आमच्याविरुद्ध बोलू नका, आणि पुढची बोट कधी निघेल ते आम्ही ठरवू. १९६६ साली इंदिराबाईंनी रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्याच वर्षी मॉस्कोत व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवा म्हणून त्या बोलल्या, तर तिकडे राग.

अमेरिकेने त्या वर्षांत लाखो लोकांना उपासमारीपासून वाचवलं, हे सत्य आहे आणि मी ते कधी नाकारणार नाही. शेतीत बदल करा हा त्यांचा आग्रहही चुकीचा नव्हता, आपले कृषिमंत्री सुब्रमण्यम यांना तेच करायचं होतं. पण आमच्या पिढीच्या मनात राहिलं काय? अन्न दिलं हे नाही. दोर हातात धरून दिलं, हे. पुढे १९७१ मध्ये निक्सननी एंटरप्राइझ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागरात पाठवली तेव्हा ठाण्यात ज्यांनी एरवी काँग्रेसला शिव्या घातल्या असत्या, तेही बाईंच्या बाजूने उभे राहिले. माझे वडील जनसंघाचे. तेही.

म्हणून मालेतला सामान्य माणूस काय विचार करत असेल हे मला कळतं. त्याच्या ताटातलं अन्न आपण काढून घेतलं तर त्याची मुलं ते साठ वर्षं विसरणार नाहीत. मी विसरलो नाही.

सीवूड्सची_शिक्षिका

काका, वाखुसा (वाचनखूण साठवली). शाळेत नववीला हा भाग शिकवताना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल का?

जुना_ठाणेकर

जरूर वाचा. मिलो म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवा, मुलांना ते चॉकलेटचं पेय वाटेल.

कांदाबटाटा_वाशी

मी एपीएमसीत आडत्या आहे, राजकारणातलं फार समजत नाही, पण कांद्याचं सांगतो. डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ पर्यंत बंद होती. बाजारात हाहाकार. दुबईचा माल अडला, कोलंबोचा अडला. आणि एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे बहिष्काराचा गोंधळ चालू असताना आणि आपले सैनिक परत येत असताना, सरकारने मालदीवसाठी वर्षभराचा कोटा जाहीर केला. कांदा सुमारे ३५ हजार ७०० टन. तांदूळ सव्वा लाख टनाच्या आसपास. अंडी, बटाटा, पीठ, साखर, शिवाय रस्त्यांसाठी खडी आणि रेती. १९८१ पासून ही व्यवस्था चालू आहे आणि त्या वर्षीचे कोटे आजवरचे सर्वात मोठे होते.

मला तेव्हा राग आला होता. आपल्याला शिव्या आणि त्यांना कांदा? नंतर एका केरळच्या व्यापाऱ्याने समजावलं. म्हणाला, मालेतल्या बाजारात कांदा महाग झाला असता तर मुइझ्झूंनी रोज सभा घेतली असती. आता कांदा मिळतोय, सभेत काय बोलतील?

निफाडचा_ऐरोलीत

शेठ, तुमच्या केरळच्या व्यापाऱ्याला सांगा, निफाडमध्येही लोक कांदा पिकवतात आणि तेही मतदार आहेत.

माझ्या वडिलांचा कांदा त्या निर्यातबंदीत चाळीत सडला. परराष्ट्र धोरण म्हणून मालदीवला कोटा द्या, माझी हरकत नाही. पण शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून आमचा बाजार बंद, आणि दिल्लीच्या प्रतिष्ठेसाठी तेवढीच एक खिडकी उघडी. मोठ्या देशाचा मोठेपणा शेवटी कोणाच्या शेतातून जातो, हेही या धाग्यात लिहिलं गेलं पाहिजे. मैत्रीची किंमत द्यायची असेल तर तिजोरीतून द्या.

कांदाबटाटा_वाशी

दादा, तुमचं खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पामबीच_रनर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक मंडळ

पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते यांच्याविषयी वैयक्तिक शेरे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय मोठा देश आणि विरोधी नेता एवढाच ठेवा.

वाघबीळ_वासी

एवढं कशाला गुंतवायचं? सोसायटीत एखादा सभासद सेक्रेटरीला चोर म्हणत निवडून येतो. सेक्रेटरीने काय करावं? त्याचं पाणी तोडलं तर तो हुतात्मा. लिफ्टची चावी दिली तर सोसायटीचा विचका. हिशेब दाखवत राहायचं, वर्षभरात तोच बसून मेंटेनन्सची बिलं फाडायला लागतो.

जुना_ठाणेकर

उदाहरण गमतीचं आहे, पण सोसायटीचं भांडण वाढलं की उपनिबंधकाकडे जाता येतं. देशांच्या वर उपनिबंधक बसलेला नाही. म्हणूनच मोठ्या देशाचा दाब लहान देशाला एवढा टोचतो, त्याला दाद मागायला कुठेच जागा नसते.

नाखवा_नेरूळ

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, त्या बेटांजवळून कित्येकदा गेलोय. भावनेपेक्षा नकाशा बघा. आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजांची मोठी वर्दळ मालदीवच्या उत्तरेकडच्या खाडीपट्ट्यातून जाते. न्हावाशेवाला उतरणाऱ्या मालाचा हिशेब तिथून सुरू होतो.

इतिहासही थोडा बघा. ३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री बंडखोरांनी मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांचं सरकार उलथायचा प्रयत्न केला, तेव्हा आग्ऱ्याहून आपले छत्रीसैनिक त्याच रात्री मालेजवळच्या हुलहुले विमानतळावर उतरले आणि काम झाल्यावर बहुतेक फौज परत आली. राहण्याचा हट्ट धरला नाही. २०१२ मध्ये मालदीवने मालेच्या विमानतळाचं भारतीय कंपनीचं कंत्राट रद्द केलं. तेव्हाही 'भारत देश विकत घेतोय' असाच प्रचार होता. आपण रागावलो, लवादात भांडलो, पण डिसेंबर २०१४ मध्ये मालेतला खाऱ्या पाण्याचं गोडं करायचा प्रकल्प जळाला तेव्हा विमानांनी पाणी पाठवलं, मुंबईहून आयएनएस दीपक पाणी भरून गेली. सत्तेवर तेव्हा यामीन होते, चीनच्या बाजूला झुकलेले, आणि पुढे 'इंडिया आउट'ची मोहीम चालवणारेही तेच.

माझं मत: माणसांना पाणी द्यायचं की नाही हा प्रश्नच नसतो. पण आपली रेषा कुठे आहे ते नेत्याला माहीत असलं पाहिजे. चिनी सर्वेक्षण जहाज फेब्रुवारी २०२४ मध्ये मालेला आलं. समुद्रतळ मोजायचा आपल्याबरोबरचा २०१९ चा करार मुइझ्झूंनी पुढे चालू ठेवला नाही. ट्विटरवरच्या तीन उपमंत्र्यांपेक्षा मला या दोन गोष्टींची काळजी जास्त वाटते, आणि आपल्या टीव्हीवर यांच्यावर दहा मिनिटंही चर्चा झाली नाही.

रबाळे_फास्ट

घरी पोचलो, जेवलो, आता लिहितो.

नाखवा काका म्हणतात त्याच मुद्द्याचं जगातलं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिका आणि व्हेनेझुएलाचे ह्युगो चावेझ. चावेझ डिसेंबर १९९८ मध्ये निवडून आले तेव्हा राजधानी काराकासमध्ये अमेरिकेचे राजदूत होते जॉन माइस्टो. त्यांचा सल्ला असा होता की चावेझ काय बोलतात त्याकडे बघू नका, काय करतात ते बघा. भाषणात ते अमेरिकेला काहीही म्हणोत, तेल येतंय ना? बोलणी चालू ठेवा.

मग वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं. एप्रिल २००२ मध्ये काराकासमध्ये बंड झालं, चावेझना उचलून नेलं, कार्मोना नावाच्या उद्योजकाने स्वतःला राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं आणि संसदच बरखास्त केली. लॅटिन अमेरिकेतले बाकीचे देश निषेध करत होते आणि व्हाइट हाउसने दोष चावेझ सरकारवर टाकला. दोन दिवसांत बंड कोसळलं, लोक रस्त्यावर आले आणि चावेझ परत. त्या दोन दिवसांनी त्यांना पुढच्या दहा वर्षांचं भांडवल मिळालं. नंतर कुठल्याही विरोधकाला 'अमेरिकेचा माणूस' म्हणायला त्यांना पुरावा शोधावा लागला नाही. तेल कंपनीतल्या संपानंतर सुमारे १८ हजार कर्मचारी काढून टाकले तेव्हाही हेच कारण. २००४ चं सार्वमत जिंकले. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत बुश यांना सैतान म्हणाले, काल ते इथे उभे होते, अजून गंधकाचा वास येतोय म्हणाले. आणि एवढं होऊनही अमेरिका त्यांच्याकडून रोज दहा लाख पिंपांहून जास्त तेल घेत होती!

म्हणजे अमेरिकेने दोन्हीकडचं वाईट निवडलं. पैसा दिला आणि खलनायकाची भूमिकाही आयती दिली. चावेझ २०१३ मध्ये गेले, पुढे मादुरो आले, २०१७ पासून कडक आर्थिक निर्बंध, २०१९ मध्ये विरोधी नेते ग्वाइदो यांना अध्यक्ष म्हणून मान्यता. त्यातून सरकार बदललं नाही, सत्तर लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. देश खड्ड्यात घालायला चावेझ-मादुरोंचा कारभार पुरेसा होता, निर्बंधांनी तो खड्डा खोल केला.

आपल्या परराष्ट्र खात्याने २०२४ मध्ये माइस्टोंचं ऐकलं असं मला वाटतं. बोलण्याला फारसं उत्तर दिलं नाही. सैनिक काढा म्हणाले, तर चर्चेला बसले आणि १० मे २०२४ च्या आत सुमारे ८० सैनिकांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठवले. हेलिकॉप्टर तीच, डॉर्नियर तेच, रुग्णांची ने-आण तीच. मुइझ्झू घरी जाऊन सांगू शकले की वचन पाळलं. आपलं काम थांबलं नाही.

तीनहातनाका

रबाळे, जेवून आल्यावर हा प्रतिसाद, उपाशीपोटी काय लिहिलं असतंस? जबरदस्त.

सीवूड्सची_शिक्षिका

माझी मामेबहीण मालदीवच्या एका लांबच्या बेटावर शाळेत गणित शिकवायची. अख्खा देश सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या निम्मासुद्धा नाही. ती सांगायची, तिथले पालक तिच्यावर जीव टाकत. पोर आजारी पडलं की भारतीय डॉक्टर, भारतीय नर्स. आणि तेच पालक 'इंडिया आउट'चा टी-शर्ट घालून फिरायचे. तिने एकाला विचारलं तर तो म्हणाला, मॅडम, तुम्ही नाही, गणवेशवाले नकोत.

मला हे पटतं. उद्या कोकण किनाऱ्यावर दुसऱ्या देशाचे ऐंशी सैनिक असले, अगदी रुग्णवाहिका चालवायलाच असले, तर आपल्याला आवडेल का? मुइझ्झूंनी त्या भावनेवर मतं मिळवली, ती भडकवली, त्यात खोटंही मिसळलं असेल. पण भावना त्यांनी जन्माला घातलेली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडच्या वाहिन्यांवर त्या लोकांविषयी जे बोललं गेलं, ते ऐकून माझ्या बहिणीला तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज आले. ती दोन रात्री झोपली नाही.

उपवनकर

सगळे मला एकट्याला समजावताय, ठीक आहे. पण दाबाने काम झालेलं उदाहरणही आहे आणि ते आपलंच आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाच्या महातीर यांनी संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवरून आपल्याविरुद्ध भाषण केलं. नंतर नागरिकत्व कायद्यावरही बोलले. आपण काय केलं? जानेवारी २०२० मध्ये शुद्ध केलेल्या पाम तेलाची आयात 'मुक्त' यादीतून 'निर्बंधित' यादीत टाकली. मलेशियाचा फटका मोठा होता कारण ते शुद्ध केलेलं तेल जास्त विकायचे. महातीर स्वतः म्हणाले की आम्ही उलट कारवाई करायला फार लहान आहोत. फेब्रुवारीत त्यांची खुर्ची गेली, मे महिन्यात मलेशियाने आपल्याकडून एक लाख टन तांदळाचा करार केला.

सांगा, कुठे गेला तो 'दाबाने नेता मोठा होतो' सिद्धांत?

रबाळे_फास्ट

महातीर यांची खुर्ची त्यांच्या आघाडीतल्या भांडणाने गेली, पाम तेलाने नाही. पण उपवनकर, बाकी तुमचा मुद्दा चांगला आहे. यात एक गोष्ट बघा. त्या अधिसूचनेत मलेशियाचं नावच नव्हतं. सगळ्या देशांच्या शुद्ध केलेल्या तेलाला तोच नियम. देशी रिफायनऱ्यांना काम मिळावं हे कारणही खोटं नव्हतं. ज्याला समजायचं त्याला समजलं, आणि क्वालालंपूरमध्ये झेंडा जाळायला काही हाती लागलं नाही. मालदीवच्या वेळी नेमकं उलट झालं. सरकार गप्प आणि आपण सगळे ओरडत होतो.

उपवनकर

हे मान्य. दाब असावा, गाजावाजा नको.

नौपाडेकर

म्हणजे माझ्या ग्राहकांनी केलेला बहिष्कार हा गाजावाजा होता? मला खरंच समजून घ्यायचंय. त्या लोकांनी प्रामाणिकपणे केलं होतं.

आकडेमोड_बेलापूर

नौपाडेकर, आकडे असे आहेत. २०२३ मध्ये मालदीवला गेलेले भारतीय सुमारे २ लाख ९ हजार, सर्व देशांत पहिला क्रमांक. २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार. म्हणजे बहिष्कार खरा होता, लोकांनी शब्द पाळला. पण एकूण पर्यटक २०२३ मधल्या पावणेएकोणीस लाखांवरून २०२४ मध्ये वीस लाखांच्या पुढे गेले. चिनी पर्यटक पहिल्या क्रमांकावर आले. आपण सोडलेल्या खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत.

राजकीय परिणाम बघायचा तर १३ जानेवारी २०२४ ला, ऐन गोंधळात, मालेच्या महापौरपदाची पोटनिवडणूक मुइझ्झूंचा पक्ष हरला. इथे थांबलो तर बहिष्कार चालला म्हणता येईल. पण २१ एप्रिलला संसदेची निवडणूक झाली आणि त्यांच्या पक्षाने ९३ पैकी ६६ जागा घेतल्या. जानेवारीतच ते म्हणाले होते की आम्ही लहान असू, म्हणून आमच्यावर दादागिरी करायचा परवाना कोणाला मिळत नाही.

मग ते बदलले कशाने? कर्जाने. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर त्यांच्याकडचा वापरता येण्यासारखा डॉलरसाठा पाच कोटी डॉलरच्याही खाली आला. पतमानांकन संस्थांनी दर्जा घसरवला. ऑक्टोबरमध्ये सुकूक (इस्लामी) रोख्यांवरचा हप्ता द्यायचा होता, बाजारात बोललं जात होतं की हे बुडणार. चीनकडून हवी तेवढी मदत वेळेत आली नाही. आपण मे आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या पाच-पाच कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड पुढे ढकलली, आणि ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू भारतात आले तेव्हा ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपये अशी चलन अदलाबदलीची सोय दिली. त्याच दौऱ्यात ते आपल्या मुंबईलाही येऊन गेले. जुलै २०२५ मध्ये ४,८५० कोटींचं नवीन कर्ज, आणि जुन्या कर्जाच्या वार्षिक हप्त्यात ४० टक्के सवलत.

तुमच्या ग्राहकांचा राग योग्य होता. त्याचा मुइझ्झूंवर परिणाम झाला असं आकड्यांतून दिसत नाही.

नौपाडेकर

मनापासून आभार. कडू आहे, पण हेच हवं होतं.

जुना_ठाणेकर

पालखेडवरून राहिलं होतं. उपवनकर, निजाम लोकांच्या मतांवर निवडून येत नव्हता. त्याची रसद तोडली की त्याची ताकद तुटली. निवडून आलेल्या नेत्याची रसद त्याच्या लोकांचा राग असते, आणि तुम्ही तांदूळ तोडलात की ती रसद वाढते.

इतिहासच घ्यायचा तर चिमाजी अप्पांची वसई घ्या. मे १७३९ मध्ये इतक्या माणसांचं रक्त सांडल्यावर, हरलेल्या पोर्तुगीजांना त्यांनी सन्मानाने, सामानसुमानासह निघून जाऊ दिलं. त्या मोहिमेत दोन वर्षं आधी घेतलेला ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. आपण त्या भिंतीवरून रोज जातो. समोरच्याला तोंड घेऊन बाहेर पडायला वाट ठेवणं हे दुबळ्याचं लक्षण असतं तर अप्पांनी ते केलं नसतं.

निफाडचा_ऐरोलीत

काका, हे पटलं. कांद्याचा राग तसाच आहे, पण हे पटलं.

रबाळे_फास्ट

थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. आमची कंपनी टीटीसी एमआयडीसीत आहे, अमेरिकेला यंत्रांचे सुटे भाग पाठवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्यावर आधी २५ टक्के आणि रशियन तेलाच्या नावाखाली आणखी २५ टक्के टॅरिफ लागलं. ऑर्डरी थांबल्या, रात्रपाळीचं काय होणार माहीत नव्हतं. आता विचार करा, तेव्हा आपल्याकडचा कोणताही पक्ष, डावा असो की उजवा, उभा राहून 'अमेरिकेचं ऐकू या' म्हणू शकला असता का? कॅनडात २०२५ मध्येच काय झालं? जानेवारीत मतचाचण्यांमध्ये लिबरल पक्ष वीसेक टक्क्यांनी मागे होता. वॉशिंग्टनमधून कॅनडाला अमेरिकेचं '५१वं राज्य' म्हणणं सुरू झालं आणि २८ एप्रिलला लिबरलांचे मार्क कार्नी जिंकले. ब्राझीलवर ५० टक्के लावले तर तिथले राष्ट्राध्यक्ष लुला यांची लोकप्रियता वाढली.

मी तेव्हा जो राग अनुभवला तो जानेवारी २०२४ मध्ये मालेतला हॉटेल कामगार अनुभवत होता. हे कळायला मला माझ्या कंपनीच्या ऑर्डरी थांबाव्या लागल्या.

नाखवा_नेरूळ

सगळं खरं, पण फार लवकर पाठ थोपटून घेऊ नका. मुइझ्झूंनी मार्च २०२४ मध्ये चीनशी लष्करी मदतीचा करार केला. तुर्की ड्रोन घेतले. चीनबरोबरचा मुक्त व्यापार करार जानेवारी २०२५ पासून लागू झाला. समुद्रतळ मोजण्याचा आपला करार जुलै २०२५ पर्यंत परत आलेला नव्हता. विमानतळावरच्या मिठीने यातलं काही बदललं नाही. आपण वाईट वळण टाळलं, एवढंच.

आणि यामीन, मुइझ्झू अशी नावं येत-जात राहतात. खरं काम निवडणुकीच्या आधी असतं. श्रीलंकेत जनता विमुक्ती पेरामुना हा पक्ष १९८७ ते ८९ मध्ये भारतीय माल विकणाऱ्या दुकानदारांना धमकावत होता. त्याच पक्षाचे अनुरा कुमारा दिसानायके यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये, सत्तेवर येण्याआधी, आपण दिल्लीला बोलावलं, फिरवलं, बोललो. सप्टेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबरमध्ये पहिला परदेश दौरा भारताचा. श्रीलंकेची भूमी भारताच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाही, असं तिथे उभं राहून म्हणाले. २०२२ च्या संकटात आपण दिलेले सुमारे ४०० कोटी डॉलर त्यांच्या मतदारांना आठवत होते. मालदीवमध्ये २०२८ ला पुन्हा निवडणूक आहे. तिथे जो आज आपल्याविरुद्ध बोलतोय, त्याच्याशी कोणी बोलतंय का?

घोडबंदर_ताई

नाखवा काका, नेपाळमध्येही हेच राहून जातं. आपण दिल्लीला आवडणाऱ्यांशीच बोलतो आणि मग निकालाच्या दिवशी दचकतो.

उपवनकर

बोलवा. यामीनच्या माणसांनाही बोलवा, माझी ना नाही. पण ४,८५० कोटी देताना समुद्रतळाचा करार परत हवा, ही अट घालायला हवी होती. तेवढं तरी माझं मान्य करा.

नाखवा_नेरूळ

मान्य. फक्त अट जाहीर करू नये. तुमच्या पाम तेलासारखी, नाव न घेता. हप्त्यांची सवलत दर वर्षी आढाव्याने द्यायची, आणि आढाव्याच्या बैठकीत दोन्ही देशांच्या नौदलांची माणसं बसवायची. मुइझ्झूंना घरी सांगायला 'हप्ता कमी झाला' राहील आणि कोचीच्या नौदल मुख्यालयाला काय हवं ते त्यांना मिळेल.

उपवनकर

हे चालेल.